आत गेला म्हणजे नशा सुटली, असं का होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ नऊ महिन्यांपासून तुरुंगात आहे. बाहेर असताना तो आधी दारू प्यायचा, नंतर गर्दच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉईनच्या, नादी लागला. अटक झाली तेव्हा घरच्यांना वाईट वाटलं, पण मनात कुठेतरी हायसंही वाटलं, की चला, आता निदान नशा तरी सुटेल. गेल्या दोन मुलाखतींत मात्र तो चिडचिडा वाटला, नजर चुकवत होता, सारखे पैसे मागत होता. त्याच्या बराकीतून सुटून आलेल्या एकाने सांगितलं, की आतही ‘चालू आहे’. एवढ्या भिंती, पहारा, झडत्या असताना हे होतं कसं, आणि याचा धोका नेमका कुणाला जास्त असतो?

हायसं वाटल्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुरुंगाच्या दवाखान्यात १९ वर्षं बसलो, आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांपैकी बहुतेकांनी मला कधी ना कधी हेच सांगितलं. पण त्यामागचा हिशोब चुकतो. तुरुंगात माल मिळणं कमी होतं, त्यामुळे शरीराची सवय मोडते. तल्लफ मात्र जागच्या जागी राहते. ज्या दिवशी दार उघडतं त्या दिवशी तल्लफ पूर्वीइतकीच असते आणि शरीर नवख्या माणसाचं झालेलं असतं. जीव जातो तो या दोहोंच्या मधल्या फटीत. त्याकडे शेवटी येतो.

माल आत येतो कसा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला त्यात फारसा रस नाही. जिथे शेकडो माणसांना एक गोष्ट हवी असते आणि ती पुरवणाऱ्याला बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात, तिथे ती येतेच. भिंतीवरून येते, मुलाखतीतून येते, खाकीच्या खिशातून येते. अलीकडे तर साध्या कागदातून येते. कृत्रिम गांजासारखी रसायनं कागदावर फवारून ती पत्रं म्हणून पाठवली जातात आणि आत त्या कागदाचे तुकडे ओढले जातात. एका तुकड्यावर किती औषध बसलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून एक जण नुसता हसत बसतो आणि शेजारच्याला फिट येते. आणि एक माल असा, ज्याला गेटवरून यावंच लागत नाही. तो आमच्याच दवाखान्यातून जातो: झोपेच्या गोळ्या, प्रीगॅबलिनसारखी नसांच्या दुखण्याची औषधं.

म्हणजे आत माणूस बहुधा त्याची बाहेरची नशा करत नाही, जी मिळेल ती करतो. गांजावर आत गेलेला गोळ्यांवर बाहेर येतो, असं मी अनेकदा पाहिलंय. कधी कधी नियमच त्याला तिकडे ढकलतात. इंग्लंडच्या तुरुंगांत १९९६ पर्यंत सगळीकडे सक्तीची लघवी तपासणी सुरू झाली. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा काही आठवडे सापडू शकतो, हेरॉईन मात्र दोन-तीन दिवसांत निघून जातं. पकडलं जायचं नसेल तर कोणतं घ्यावं, हे कैद्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे या तपासणीने लोकांना सौम्य नशेकडून जहाल नशेकडे ढकललं का, यावर तिथे बरीच वर्षं वाद चालला. तपासणी नको असं मी म्हणत नाही. पण नुसती तपासणी ठेवली आणि उपचार ठेवले नाहीत, तर आपण लोकांना फक्त हुशार करतो.

आता कुणाला धोका जास्त, हे पाहू.

पहिली गोष्ट, धोका बराचसा माणसाबरोबरच गेटमधून आत येतो. १० देशांतल्या १८ हजारांहून जास्त कैद्यांवरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुरुंगात आलेल्यांपैकी साधारण २४ टक्क्यांना दारूचा विकार होता. इतर अमली पदार्थांचा विकार पुरुषांमध्ये सुमारे ३० टक्के आणि स्त्रियांमध्ये ५१ टक्के. स्त्रियांचा आकडा पाहून लोक दचकतात. त्यांच्या कहाण्या ऐकणारा दचकत नाही. लहानपणी घरातच झालेला अत्याचार, मारहाण करणारा जोडीदार, आणि बहुतेकदा पहिली पुडी त्या जोडीदारानेच हातात दिलेली.

पुरुषांमध्येही फाईल उघडली की त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. बारा-तेराव्या वर्षी सुरुवात. बाप किंवा मोठा भाऊ पिणारा. शाळा सुटलेली. डोक्याला कधीतरी जबर मार, ज्याची नोंद कुठेच नाही. नैराश्य किंवा संशयाचा आजार, ज्याला घरचे ‘स्वभाव’ म्हणत आले. आणि एडीएचडी, म्हणजे लहानपणापासूनची चंचलता आणि लक्ष न टिकण्याचा विकार. हा माणूस लहानपणापासून एका जागी बसू शकत नाही, त्याला आपण दिवसभर एका जागी बसवतो आणि तो काहीतरी शोधतो म्हणून चकित होतो. यापूर्वी तुरुंगात येऊन गेलेला असेल तर धोका आणखी वाढतो, कारण त्याला दुकान कुठे आहे हे माहीत असतं.

पण एक कबूल करतो. ही यादी वर्गात शिकवायला चांगली आहे, बराकीत तिचा उपयोग मर्यादित. कुणाचं बालपण मी बदलू शकत नाही. म्हणून मी माणसापेक्षा घड्याळाकडे जास्त बघायला शिकलो. धोका कुणाला याइतकंच धोका कधी हेही महत्त्वाचं, आणि त्या वेळा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत.

पहिले तीन दिवस. हेरॉईन घेणाऱ्याला शेवटच्या डोसानंतर आठ-बारा तासांत त्रास सुरू होतो. गर्द घेणारे त्याला ‘टर्की’ म्हणतात. नाक-डोळे गळतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, पाय आपोआप झटकले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो. यात सहसा माणूस मरत नाही असं पुस्तकात असतं, पण चार दिवस पाणी पोटात न टिकलेला माणूस मरू शकतो. शिवाय याच दिवसांत गळफासाचा विचार सर्वांत जवळ असतो.

दारू सुटणं त्याहून धोक्याचं. एक पन्नाशीचा कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेला, मला आठवतो. आल्या दिवशी हात थरथरत होते. कुणी लक्ष दिलं नाही, घाबरला असेल म्हणाले. तिसऱ्या संध्याकाळी तो घोंगडीवरून काहीतरी वेचायला लागला. एकेक चिमटीत धरायचा आणि बाजूला ठेवायचा. घोंगडीवर काही नव्हतं. ‘नाटक करतोय’ म्हणून त्याला वेगळ्या खोलीत टाकलं. मला बोलावलं तेव्हा ताप चढलेला, नाडी १४० च्या पुढे, आणि तो मला स्वतःचा मेहुणा समजून जेवायला बसवत होता. डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात याला. शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांनी येतं आणि उपचार नसतील तर जीव घेतं. तो वाचला. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि योग्य मात्रेत शामक औषधं, एवढ्यावर वाचला. आल्या संध्याकाळी ‘रोज किती पिता, शेवटचं कधी प्यालात’ हे दोन प्रश्न विचारले असते तर ती वेळही आली नसती.

आता या तीन दिवसांचा नशेशी काय संबंध? हा, की दवाखाना दाद देत नाही तेव्हा बराक देते. रात्री दोन वाजता शेजारचा म्हणतो, ‘घे रे, एवढंसं, बरं वाटेल.’ बरं वाटतंही. ते पहिलं फुकट असतं. दुसऱ्यापासून वही सुरू होते.

ही वही फार कमी लोकांना माहीत असते. तुरुंगातली नशा उधारीवर चालते. उधारी वाढते, तिच्यावर व्याज चढतं आणि फेडायचे रस्ते ठरलेले असतात: घरून पैसे, दुसऱ्याची कामं, दुसऱ्याचा माल स्वतःजवळ लपवणं, किंवा दवाखान्यातून गोळ्या आणून देणं. एक तरणा पोरगा रोज रात्री माझ्याकडे झोपेची गोळी घ्यायला यायचा. परिचारिकेसमोर गिळायचा, तोंड उघडून दाखवायचा, जीभ वर करायचा. सगळं बरोबर. एक दिवस बोलताना त्याला ठसका लागला आणि गाल व दात यांच्या सांध्यातून गोळी टेबलावर पडली, अर्धी विरघळलेली, गुलाबी. तो रडायलाच लागला. ती गोळी तो स्वतःसाठी लपवत नव्हता. चौदा गोळ्यांचं देणं होतं, नऊ फेडून झाल्या होत्या. ज्याला आपण ‘औषधांचा गैरवापर करणारा’ म्हणून रजिस्टरवर चढवलं असतं, तो त्या साखळीतला सर्वांत दुबळा माणूस होता.

तुमचा भाऊ पैसे मागतो, त्याचा अर्थ या उजेडात बघा. सगळेच पैसे नशेचे नसतात. पण मागण्यात घाई असेल, रक्कम विचित्र नेमकी असेल, आणि ‘अमक्याच्या घरी नेऊन द्या’ असं असेल, तर ते बहुतेक देणं आहे.

दुसरी वेळ म्हणजे संध्याकाळच्या बंदीनंतरचे तास. गिनती झाली, कुलूप लागलं, आणि पुढे बारा-तेरा तास काहीच नाही. दिवे पूर्ण विझत नाहीत, माणसं खांद्याला खांदा लावून झोपलेली, कुणी खोकतंय, कुणी भांडतंय. नशा का करतोस, असं विचारल्यावर मला ‘मजा’ हे उत्तर क्वचित मिळालं. ‘रात्र जात नाही’ हे उत्तर शेकडो वेळा मिळालं. कच्च्या कैद्यांचे हाल पक्क्यांपेक्षा वाईट. शिक्षा झालेल्याला निदान तारीख माहीत असते, काही तरी काम असतं. कच्च्याला पुढची तारीख असते आणि ती पुढे ढकलली जाते. तारीख पडलेला दिवस, घरून वाईट बातमी आलेला दिवस, मुलाखतीला येतो म्हणून कुणी न आलेला दिवस. हे दिवस मी माझ्या डायरीत खूण करून ठेवायचो. त्या रात्री दवाखान्याची घंटा हमखास वाजायची.

बाहेर कधी हात न लावलेली माणसंही आत सुरुवात करतात, ती याच तासांमुळे. आणि ज्यांना सुईने घ्यायची सवय आहे त्यांची आतली अडचण वेगळीच. माल मिळतो, सुई मिळत नाही. मग एकच सुई बराकभर फिरते. १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनोकिल तुरुंगात अशाच सामायिक सुयांमधून एचआयव्हीचा उद्रेक झाला. हिपॅटायटिस सी तर याहूनही सहज पसरतो. स्वित्झर्लंडमधल्या एका तुरुंगाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच कैद्यांना स्वच्छ सुया द्यायला सुरुवात केली होती. बहुतेक देशांना ते अजून पचलेलं नाही.

माणसाला काय सावरतं? काम, झोप, आणि बाहेर वाट बघणारं कुणीतरी. म्हणून नशा करताना सापडला की मुलाखत बंद करायची, ही शिक्षा मला कधीच पटली नाही. ज्या दोरीला धरून तो वर येऊ शकतो, तीच आपण कापतो, आणि वर म्हणतो की सुधारत नाही.

आता तिसरी वेळ, जिच्यासाठी एवढं लिहितोय. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांहून जास्त कैद्यांचा मागोवा घेतलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका सर्वसामान्य लोकांच्या सुमारे १३ पट होता. एकट्या ओव्हरडोसने मरण्याचा धोका १२९ पट. आकडा चुकून लिहिलेला नाही.

कारण साधं आहे. रोज घेणाऱ्याचं शरीर मोठ्या डोसाला सरावलेलं असतं. काही आठवडे खंड पडला की तो सराव ओसरतो. आठवण मात्र ओसरत नाही. माझा एक रुग्ण ११ महिने आत होता आणि त्यातला शेवटचा बराच काळ खरोखर कोरडा होता. वजन वाढलं होतं, ग्रंथालयात काम करायचा. शुक्रवारी सुटला, रविवारी गेला. त्याच्या भावाने मला विचारलं, ‘एवढं जास्त का घेतलं त्याने?’ त्याने जास्त घेतलं नव्हतं. नेहमीचंच घेतलं होतं.

यात जागेचाही हात असतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. हेरॉईनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस ओळखीच्या जागी दिला तर ३२ टक्के मेले, तोच डोस अनोळखी जागी दिला तर ६४ टक्के. शरीराची तयारी आजूबाजूच्या खुणांना बांधलेली असते. सुटलेला माणूस कुणाला दिसू नये म्हणून भलत्याच ठिकाणी, घाईत, एकटा घेतो. म्हणजे सराव गेलेला, जागा नवी, आणि हाक मारायला कुणी नाही.

जागेची दुसरी बाजूही आहे. व्हिएतनाममध्ये असताना हेरॉईनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घरी परतले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता व्यसनाची लाट येणार. अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात सापडले. ते नशेची जागा मागे सोडून घरी आले होते. कैद्याचं बरोबर उलट असतं. तो ज्या नाक्यावरून उचलला गेला, त्याच नाक्यावर परत जातो.

यावर उपाय आहेत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं तल्लफ आणि टर्की दोन्ही आवरतात, आणि शरीराचा सराव पूर्ण जाऊ देत नाहीत. २००५ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ‘एक नशा सोडवून दुसरी लावायची का?’ हे मला तुरुंग अधिकाऱ्यांनी विचारलंय, न्यायाधीशांनी विचारलंय, रुग्णांच्या आयांनी विचारलंय. माझं उत्तर एकच. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली गोळी घेऊन कामावर जाणारा माणूस आणि पुडीसाठी चोरी करणारा माणूस यांत फरक दिसत नसेल, तर निदान मेलेल्या आणि जिवंत माणसातला फरक बघा. इंग्लंडच्या तुरुंगांमधला २०१७ चा अभ्यास सांगतो, की सुटताना हे उपचार चालू असलेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये तुरुंगांत ही औषधं सुरू केली. नुकत्याच सुटलेल्यांचे ओव्हरडोसचे बळी त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत २६ होते, पुढच्या वर्षी त्याच काळात ९.

ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही जिभेखालून चोरून विकली जाते, हे खरं आहे. मी ते पाहिलंय. त्यावर महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन आता निघालंय. पण त्या भीतीने उपचारच न देणं म्हणजे गोळी पडते म्हणून दवाखाना बंद करणं. सर्वांत वाईट पद्धत म्हणजे आठवडाभर औषध देऊन टर्की उतरवायची आणि ‘झाला बरा’ म्हणून सोडून द्यायचं. त्याने फक्त सराव जातो. १० दिवस ‘साफ’ होऊन कसलीच पुढची सोय नसताना घरी गेलेला माणूस हा मला माहीत असलेला सर्वांत धोक्यातला रुग्ण आहे.

तुम्ही काय कराल? त्याच्या जुन्या उपचारांचे कागद असतील तर त्यांच्या प्रती तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्जासह द्या. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतला २४ वा नियम सांगतो, की कैद्याला बाहेरच्या नागरिकाच्या तोडीची आरोग्यसेवा मिळावी आणि व्यसनाचे उपचार खंड न पडता चालावेत. अर्जात त्याचा उल्लेख करा. कागदावर नियमाचा आकडा दिसला की अर्ज जरा वरच्या टेबलावर जातो, असा माझा अनुभव आहे. मुलाखतीला जात राहा. तिथे ‘घेतोस का?’ असं विचारू नका, आजूबाजूला कान असतात. ‘झोप लागते का? कुणाचं काही देणं आहे का?’ हे विचारा. देणं निघालं तर गुपचूप फेडायच्या आधी तिथल्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. एकदा फेडणारं घर सापडलं की वही बंद होत नाही.

सुटकेच्या दिवसासाठी एक डॉक्टर आधीच ठरवून ठेवा, त्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन. नॅलोक्सोन नावाचं औषध हेरॉईनसारख्या पदार्थांचा परिणाम काही मिनिटांत उलटवतं. ते घरात ठेवता येईल का आणि कसं द्यायचं, हे त्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. हाक मारून, खांदा हलवून जाग येत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघर करत चाललाय, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: असं दिसलं की आधी रुग्णवाहिका, मग औषध, आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवणं. औषधाने शुद्धीवर आला तरी त्याला एकटं सोडू नका. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि गर्दचा मागे उरू शकतो.

आणि त्याच्याशी हे आधीच बोला. शपथा घालू नका. साधं सांगा: ‘तू घेणार नाहीस अशी आमची इच्छा आहे. पण कधी घेतलंस, तर पूर्वीएवढं तुझं शरीर पेलणार नाही, आणि दार आतून लावू नकोस.’ हे म्हणजे त्याला परवानगी दिल्यासारखं होईल, असं घरच्यांना वाटतं. माझ्याकडे आलेल्या कुणीही अशा वाक्याला परवानगी समजून नशा केल्याचं मला आठवत नाही. दार आतून न लावल्यामुळे वाचलेले दोघं मात्र आठवतात.

राहता राहिला जामीन. तो दुपारी मंजूर होतो आणि माणूस अंधार पडताना गेटबाहेर उभा असतो, खिशात रिकामं पाकीट आणि जुने दोन फोन नंबर. वकिलांना आजच सांगून ठेवा, की आदेश झाला की पहिला फोन तुम्हाला. गेटवर त्याच्या आधी तुम्ही पोहोचलेले असा.